मदत हवी आहे: मोटरहोमने मोझेल-आल्सास-ब्लॅक फॉरेस्ट, रात्री गाडी कुठे लावायची? (सोबत सासऱ्यांचं सीपॅप मशीन)

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही पाच जण भाड्याची मोटरहोम घेऊन ११ रात्री फिरणार आहोत. फ्रँकफुर्टजवळ गाडी ताब्यात घ्यायची, मोझेल नदीच्या काठाने खाली यायचं, मग फ्रान्समधलं आल्सास, तिथून ऱ्हाइन ओलांडून ब्लॅक फॉरेस्ट, बोडनझे तळं आणि परत फ्रँकफुर्ट. मी, नवरा, मुलं (११ आणि ८) आणि सासरे, वय ७४. गाडी बुक झाली, विमानाची तिकिटं झाली, फक्त झोपायचं कुठे हे ठरलं नाहीये. म्हणजे झोपायचं गाडीतच, पण गाडी कुठे उभी करायची?

यावरून घरात दोन पक्ष पडलेत. नवरा म्हणतो मोटरहोम घ्यायची आणि वर रोज कॅम्पिंगवाल्याला पैसे द्यायचे तर मग हॉटेलच काय वाईट होतं, जिथे आवडेल तिथे नदीकाठी थांबू. मी म्हणते परक्या देशात रात्री ११ ला पोलिसाने काचेवर टकटक केली तर त्याच्याशी जर्मनमधे तू बोलणारेस का. मी सगळ्या ११ रात्री कॅम्पिंगमधे धरून हिशोब केला तर पाच जणांचे रोजचे ५० युरोच्या आसपास होतायत, वीज काही ठिकाणी वेगळी. तो आकडा बघून मीही जरा गप्प झाले.

वाचून वाचून एवढं कळलंय की कॅम्पिंगप्लाट्झ वेगळं आणि स्टेलप्लाट्झ वेगळं, आणि फ्रान्समधे त्यालाच एअर म्हणतात. पण तिथे नक्की काय मिळतं ते प्रत्येक जण वेगळं सांगतो. कुणी म्हणतं नुसती पार्किंगची जागा, कुणी म्हणतं पाणी-वीज सगळं असतं.

माझी खरी काळजी मात्र सासऱ्यांची आहे. त्यांना स्लीप अ‍ॅप्निया आहे (झोपेत श्वास मधेच थांबतो), रात्री मास्कमधून दाबाने हवा देणारं सीपॅप मशीन लागतंच, एकही रात्र सोडायची नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. गाडीत २३० व्होल्टचे सॉकेट आहेत असं कंपनीच्या पानावर लिहिलंय, मग बाहेरची वीज नसेल तरी ते चालतात ना? शिवाय ते रात्री दोनदा उठतात, आणि ती संडासची कॅसेट (खालची काढता येणारी मैल्याची टाकी) म्हणे दोन दिवसात भरते. ती कुठे रिकामी करायची, कशी करायची, आणि (हे घरात अजून कुणी विचारलेलं नाही) कुणी करायची?

गॅस सिलिंडर ११ दिवस पुरतो का हेही सांगा. आणि रात्री गाडीत गुंगीचा वायू सोडून चोऱ्या करतात असं एका मैत्रिणीने सांगितल्यापासून सासूबाईंचा रोज फोन येतोय, त्या येत नाहीयेत पण काळजी पूर्णवेळ करतायत.

हॉटेल घ्या असं कृपया सांगू नका, ती फेज होऊन गेलीये.

प्रतिसाद १

ताई, आधी सॉकेटचं, कारण तिथेच तुमचं गणित चुकतंय. भाड्याच्या बहुतेक मोटरहोममधे ते २३० व्होल्टचे सॉकेट बाहेरून केबल जोडलेली असेल तेव्हाच चालू असतात. बॅटरीवर फक्त १२ व्होल्टच्या गोष्टी चालतात, म्हणजे दिवे, पाण्याचा पंप, हीटरचा पंखा, यूएसबी. इन्व्हर्टर (१२ व्होल्टचे २३० करणारं यंत्र) बसवलेला असेल तरच बॅटरीवर सॉकेट चालेल, आणि तो आहे का हे कंपनीला आत्ताच मेल करून विचारा, गाडी घेताना काउंटरवर नको.

पण म्हणून रोज वीज हवीच असंही नाही. माझ्या वडिलांचं सीपॅप आम्ही १२ व्होल्टच्या अ‍ॅडाप्टरवर चालवलंय. मशीन बनवणाऱ्या कंपनीचाच अ‍ॅडाप्टर घ्या, प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो. त्यातला पाणी गरम करणारा ह्युमिडिफायर बंद ठेवला तर मशीन साधारण ३०-४० वॉट खातं, ८ तासाचे झाले ३०० वॉट-अवर. भाड्याच्या गाडीत बहुधा ९५ अँपिअर-अवरची एजीएम बॅटरी असते, तिची निम्मीच वापरायची, म्हणजे हाताशी ५७० वॉट-अवरच्या आसपास. एक रात्र आरामात निघते, आणि दुसऱ्या दिवशी दोन-तीन तास गाडी चालली की बरीचशी परत भरते. ह्युमिडिफायर चालू ठेवलात तर दुप्पट किंवा त्याहून जास्त खाईल, मग पहाटे चारला सासरे आणि बॅटरी दोघंही जागे. ह्युमिडिफायर बंद ठेवलेला चालेल का ते डॉक्टरांना विचारून घ्या आणि निघायच्या आधी घरी दोन रात्री तसं झोपून बघू दे त्यांना, काहींचा घसा फार कोरडा पडतो.

म्हणून मी तुमच्या जागी असतो तर एक रात्र वीज नसलेली चालेल, सलग दोन नाही, असा नियम केला असता.

प्रतिसाद २

जर्मनीत राहते, दर उन्हाळ्यात जातो म्हणून लिहिते.

स्टेलप्लाट्झ म्हणजे फक्त मोटरहोमसाठी आखलेली जागा, बऱ्याचदा नगरपालिकेची, कधी एखाद्या द्राक्षमळेवाल्याची. मोझेलला तर गावागणिक आहेत, नदीच्या अगदी कडेला हिरवळीवर, साधारण १० ते १५ युरो. संध्याकाळी कुणीतरी फिरत येतं आणि रोख पैसे घेऊन पावती देतं, किंवा मशीन असतं. पाणी आणि सांडपाण्याची सोय बहुतेक ठिकाणी, वीज बऱ्याच ठिकाणी पण सगळ्यांना पुरेल इतके खांब असतीलच असं नाही, आणि संडास-बाथरूम बहुधा नसतात. कॅम्पिंगप्लाट्झवर ते सगळं असतं, वॉशिंग मशीन असतं, मुलांना खेळायला जागा असते, रिसेप्शन असतं. फक्त दुपारी १ ते ३ रिसेप्शन आणि फाटक बंद असण्याची पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी आहे, त्या वेळी पोचलात तर बाहेर ताटकळत बसाल.

आता तुमच्या मिस्टरांचं "आवडेल तिथे". जर्मनीत जिथे पार्किंगला मनाई नाही अशा सार्वजनिक जागी गाडी चालवण्याइतकं ताजंतवानं होण्यासाठी एक रात्र गाडीत झोपलेलं चालतं. १० तास असा आकडा सगळे सांगतात, कायद्यात तो आकडा नाही, पण भावना तीच की झोपा आणि निघा. बाहेर खुर्च्या मांडल्या, छत्री उघडली, की ते कॅम्पिंग झालं आणि त्याला परवानगी लागते. म्हणजे त्यांना जे करायचंय (नदीकाठी खुर्ची टाकून बसायचं) नेमकं तेच करता येत नाही. बोडनझेहून पुढे ऑस्ट्रियात टिरोलकडे वळायचा मोह झाला तर तिथे कॅम्पिंगबाहेर झोपायला बंदीच आहे.

मोझेलला सप्टेंबरात वाइनचे उत्सव असतात, शुक्रवार-शनिवारी जागा मिळवायची तर दुपारी ३-४ च्या आत पोचा. बहुतेक ठिकाणी बुकिंग नसतंच, आधी येईल त्याची जागा. बोडनझेला मात्र कॅम्पिंगचं आत्ताच बुक करा, तिथे नशिबावर सोडू नका.

प्रतिसाद ३

फ्रान्सचा भाग मी घेतो. एअर दोन प्रकारच्या, एक नुसती पाणी भरायची-सांडपाणी सोडायची, दुसरी रात्री थांबायची, आणि काही ठिकाणी दोन्ही. पाटी नीट बघा, सेवेच्या जागेवर गाडी लावून झोपलात तर सकाळी तुमच्या मागे रांग लागलेली असेल. पाणी देणाऱ्या खांबाला तिथे बॉर्न म्हणतात, काही नाणी घेतात, काही कार्ड आणि काहींना जेटॉन नावाचं टोकन लागतं, ते गावातल्या बेकरीत, टुरिस्ट ऑफिसात नाहीतर नगरपालिकेत मिळतं. म्हणजे रविवारी संध्याकाळी पोचलात तर मिळत नाही, आम्ही एकदा आल्सासमधलं कोलमार गाव अंघोळीविना बघितलंय.

आल्सासमधे एक रात्र तरी द्राक्षमळ्यात काढा. फ्रान्स पासियाँ म्हणून योजना आहे १९९३ पासून, वर्षाची मेंबरशिप घ्यायची, काचेला स्टिकर लावायचा, मग शेतकरी आणि वाइनवाले त्यांच्या आवारात २४ तास फुकट थांबू देतात. काही विकत घ्यायची सक्ती नाही, पण गाडीत स्वतःचा संडास आणि पाण्याच्या टाक्या हव्यात, आणि पोचल्यावर यजमानाला जाऊन नमस्कार-चमत्कार करायचा. वीज गृहीत धरू नका, तिथे तुमची ती "एक बॅटरीची रात्र" वापरा. जर्मनीत अशीच लांडफेरग्न्यूगन नावाची आहे पण ११ रात्रींसाठी दोन्हीकडे पैसे भरण्यात अर्थ नाही.

हायवेच्या कडेला असलेल्या विश्रांतीच्या जागाही फ्रान्समधे एअरच म्हणवतात, तिथे रात्र काढू नका. चोऱ्या होतात त्या तिथे.

प्रतिसाद ४

सासूबाईंना सांगा की गुंगीच्या वायूची ही कथा मी गेली पंधरा वर्षं ऐकतोय. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ अ‍ॅनेस्थेटिस्ट्सने यावर निवेदनच काढलं होतं की खिडकीतून ईथर वगैरे सोडून माणसांना न कळत बेशुद्ध करणं शक्य नाही. अहो ऑपरेशन थिएटरात तोंडावर मास्क लावून त्यांना इतकी खटपट करावी लागते. माणसं दमून गाढ झोपलेली असतात आणि दाराचं कुलूप तकलादू असतं, एवढंच असतं ते. खरा वायू घाबरण्यासारखा तो कार्बन मोनॉक्साइड. गाडीत त्याचा अलार्म आहे का बघा, नसेल तर छोटा बॅटरीवाला घेऊन जा, आणि थंडी वाजते म्हणून शेगडी पेटवून बसू नका, छताचे-जमिनीचे झरोके कपडे कोंबून बंद करू नका.

गॅस दोन ११ किलोचे असतील तर सप्टेंबरात पुरून उरेल. फ्रान्समधे जर्मन सिलिंडर बदलून मिळत नाही, बदलायचाच तर सीमेच्या अलीकडे बदला.

धागाकर्ती

बाप रे, सॉकेटचं कळलं नसतं तर पहिल्याच रात्री वाट लागली असती. कंपनीला मेल केला, उत्तर आलं, इन्व्हर्टर नाही. १२ व्होल्टचा अ‍ॅडाप्टर मागवलाय.

पण कॅसेटबद्दल सगळे सोयीस्कर गप्प का?

प्रतिसाद १

हाहा. कॅसेट २० लिटरच्या आतलीच असते, पाच जणांनी मनसोक्त वापरली तर दीड-दोन दिवस. दिवसा बाहेरचे संडास वापरायचे, गाडीतला फक्त रात्रीसाठी, मग तीन दिवस जाते. गाडीच्या बाहेरच्या बाजूला छोटं दार असतं, तिथून बाहेर ओढायची, चाकं असतात, सुटकेससारखी नेता येते. रिकामी करायची ठरलेल्या जागीच. जमिनीत जी जाळी असते ती वापरलेल्या पाण्याची, तिथे कॅसेट ओतायची नाही, तिचं तोंड वेगळं असतं आणि त्यावर चित्र असतं. ओतताना हवा जाण्याचं बटण दाबून धरा. नाही धरलं तर काय होतं ते एकदाच कळतं.

तिथला नळ कॅसेट धुवायचा, त्याने पिण्याची टाकी भरू नका. पिण्याच्या नळावर जर्मनमधे ट्रिंकवासर आणि फ्रेंचमधे ओ पोताब्ल लिहिलेलं असतं, मागे-पुढे काईन किंवा नॉन दिसलं तर नाही म्हणजे नाही. आणि कॅसेटमधे घालायचं निळं केमिकल काही ठिकाणी चालत नाही, त्यांच्या शुद्धीकरणातले जिवाणू मरतात, म्हणून हिरवं घ्या.

प्रतिसाद ५

दोन बारीक गोष्टी. एक, स्टेलप्लाट्झचा फ्यूज बऱ्याचदा ६ अँपिअरचा असतो म्हणजे जेमतेम १४०० वॉट. घरची २००० वॉटची विजेची किटली लावली की खटका पडतो, कधीकधी शेजाऱ्याचाही, आणि पेटीला कुलूप असेल तर किल्लीवाला सकाळीच येतो. सीपॅप रात्री त्याच विजेवर असणार म्हणून मुद्दाम सांगतोय, पाणी गॅसच्या शेगडीवरच तापवा. केबल रिळावर असेल तर पूर्ण उलगडून जोडा, गुंडाळलेली तापते.

दुसरं, गाडीखाली घालायचे उतरते ठोकळे मिळतात ते मागून घ्या. गाडी तिरकी असेल तर काकांची झोप जाईलच पण गॅसवर चालणारा फ्रिजही नीट थंड करत नाही.

आणि वजन. सामानासकट ३.५ टनाची मर्यादा असलेल्या गाडीत पाच माणसं बसली की सामानासाठी फार थोडं उरतं, १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो. टाकी काठोकाठ भरून फिरू नका, वीस-तीस लिटर ठेवा आणि मुक्कामी पोचल्यावर भरा.

प्रतिसाद २

ब्लॅक फॉरेस्टला माणशी पर्यटक कर घेतात, पण त्यावर बऱ्याच गावांत कोनुस कार्ड मिळतं ज्यावर तिथल्या लोकल ट्रेन-बस फुकट. विचारून घ्या, गाडी हलवायलाच नको मग.

धागाकर्ती (गाडीतून)

मोझेलवरून लिहितेय, दुसरी रात्र. काल कॅम्पिंगला होतो, आज स्टेलप्लाट्झ, १२ युरो, समोर नदी आणि पलीकडे डोंगरभर द्राक्षं. नवरा खुर्ची टाकून बसलाय, इथे चालतं म्हणे, शेजारच्या आजोबांनी स्वतःच येऊन सांगितलं. वीज आहे पण मुद्दाम जोडली नाही, अ‍ॅडाप्टरवर आज चाचणी, म्हणजे गडबड झालीच तर मध्यरात्री केबल जोडता येईल. सासरे साडेनऊला झोपले, मशीनचा आवाज येतोय. बॅटरी १२.७ व्होल्ट दाखवतेय, सकाळी किती उरते ते इथेच लिहीन.

पाण्याच्या मशीनने एक युरो घेतला आणि पाइप लावायच्या आत अर्धं पाणी माझ्या बुटांवर सोडलं. आधी पाइप, मग नाणं.

कॅसेट आज नवऱ्याने नेली. बटण दाबायला विसरला.