मदत हवी आहे: लिटोरिया लिहू की रॅनॉइडिया?

मंडळी, ऑस्ट्रेलियातल्या हिरव्या झाडबेडकावर मुलांसाठी माहितीफलक करतेय आणि शास्त्रीय नावापाशीच अडकलेय. जॉन व्हाइट यांनी १७९० मध्ये त्याला 'राना सेरुलिया' म्हटलं. पुढे तो हायला या प्रजातीत (म्हणजे जीनसमध्ये, नावाच्या पहिल्या शब्दात) गेला, मग लिटोरियात. आता काही ठिकाणी 'रॅनॉइडिया सेरुलिया' दिसतं. कुळाचंही तेच, कुणी हायलिडी लिहितं, कुणी पेलोड्रायडिडी. बेडूक बिचारा तोच!

प्रजाती बदलली की मूळ नामकर्ता कंसात जातो, म्हणजे '(व्हाइट, १७९०)' हे पक्कं. पण आधी कोणतं नाव लिहू? लिटोरियाच ठेवून नवं नाव खाली दिलं तर चालेल का? उभयचरांवर काम करणारं कुणी असेल तर कृपया सांगा. फलक लवकरच छपाईला द्यायचाय.