सेंट ऑगस्टीनमधील फ्लॅगलर यांच्या वास्तू: शहराचे वैभव की शहरावरचे अतिक्रमण?

धागाकर्ता
फ्लोरिडातील सेंट ऑगस्टीन हे समुद्रकाठचे शहर स्पॅनिशांनी १५६५ साली वसवले. पण आज तेथे प्रथम नजरेत भरतात ते मनोरे स्पॅनिशांचे नसून, स्टँडर्ड ऑइल या तेलकंपनीत रॉकफेलर यांचे भागीदार असलेल्या हेन्री फ्लॅगलर यांनी तीनशे वर्षांनंतर बांधलेल्या हॉटेलांचे आहेत. स्पॅनिश धाटणीच्या या वास्तूंना काही जण ‘नकली स्पॅनिश’ म्हणून हिणवतात, ते मला अन्यायाचे वाटते. जानेवारी १८८८ मध्ये उघडलेले पोन्स दे लिओन हॉटेल ही अमेरिकेतील ओतीव काँक्रीटच्या पहिल्या मोठ्या इमारतींपैकी एक असून, त्या काँक्रीटमध्ये कोकिना हा शिंपल्यांपासून बनलेला तेथलाच दगड खडी म्हणून मिसळला आहे. आपला जांभा जसा खाणीत मऊ असतो आणि वारा लागल्यावर कठीण होतो, तसाच हा दगड. १६७२ साली बांधायला सुरुवात झालेला तेथला स्पॅनिशांचा सान मार्कोस किल्लाही त्याचाच आहे. कॅरेर आणि हेस्टिंग्ज या तिशीही न गाठलेल्या वास्तुविशारदांनी नव्या तंत्रात जुन्या गावाचा दगड वापरला, याला नक्कल कसे म्हणावे?

प्रतिसाद १
दगडाविषयी आपले म्हणणे मान्य आहे, परंतु प्रमाणाचे काय? तेथील जुनी घरे बुटकी, जाड भिंतींची आणि रस्त्यावर लाकडी सज्जा काढलेली आहेत. त्यांच्या शेजारी फ्लॅगलर यांनी उत्तरेकडील श्रीमंतांच्या हिवाळी मुक्कामासाठी महाल उभे केले, आणि त्यासाठी मारिया सांचेझ खाडीची दलदल बुजवली. पाहुण्याला महाल म्हणजेच स्पेन वाटू लागते आणि खरे घर तो न पाहताच पुढे जातो. शिवाय फ्लॅगलर येथे थांबले कोठे? १८९४ मध्ये पाम बीचला त्यांचे नवे हॉटेल उघडले, १८९६ मध्ये त्यांची रेल्वे मायामीला पोहोचली आणि श्रीमंतांची वर्दळही दक्षिणेकडे वळली.

धागाकर्ता
फ्लॅगलर दक्षिणेकडे वळले हे खरे, पण वास्तू तेथेच राहिल्या. पोन्स दे लिओन बंद पडल्यावर १९६८ साली तेथे फ्लॅगलर कॉलेज सुरू झाले. समोरच्या, फ्लॅगलर यांच्याच जुन्या अल्काझार हॉटेलात १९४८ पासून लाइटनर संग्रहालय आहे आणि नगरपालिकेचा कारभारही त्याच इमारतीतून चालतो. चैनीसाठी बांधलेल्या जागेत आज विद्यार्थी जेवतात आणि नागरिक आपली कामे घेऊन जातात, याला मी शहराची मिळकत म्हणतो. जुन्या घरांकडे दुर्लक्ष होत असेल, तर त्याचा दोष हॉटेलाच्या मनोऱ्यांना देता येत नाही.

प्रतिसाद २
मला या दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात, कारण ज्यांच्या कष्टावर हा सारा डोलारा चालला, त्यांचा उल्लेख कोणीच केलेला नाही. हॉटेलांत वाढपी म्हणून राबणारे कृष्णवर्णीय लोक पाहुणे म्हणून तेथे उतरू शकत नव्हते. यादवी युद्धानंतर मुक्त झालेल्या गुलामांनी वसवलेली लिंकनव्हिल ही वस्ती या महालांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि १९६४ साली याच शहरात एका मॉटेलच्या उपाहारगृहात प्रवेश मागितल्याबद्दल मार्टिन ल्यूथर किंग यांना अटक झाली. पोन्स दे लिओनमधील टिफनी यांच्या रंगीत काचा दाखवणाऱ्या फेरीत लिंकनव्हिलचा रस्ताही असावा, एवढे मला धागाकर्त्यांकडून मान्य करून हवे आहे.

धागाकर्ता
ते मला पूर्णपणे मान्य आहे; मूळ मांडणीत ते राहून गेले, ही माझी चूक. काँक्रीटविषयीचे मत मात्र मी बदललेले नाही.

प्रतिसाद १
आणि बुजवलेल्या दलदलीविषयीचे मी.