परदेशी पाहुण्यांना जेवायला न्यायचंय, खाण्यापिण्याचं इंग्रजी सांगा ना कोणी

वर्धारोडवाली:
नमस्कार मंडळी. नागपूरला मिहानमधल्या एका कंपनीत आहे मी, पुढच्या आठवड्यात लंडनहून दोघं जण आणि अमेरिकेतून एक मॅडम येऊन राहिल्यात, आणि संध्याकाळी जेवायला न्यायची ड्युटी साहेबांनी माझ्यावर टाकली. ऑफिसचं इंग्रजी जमतं, मेल-मीटिंग सगळं होतं, पण मेनूकार्ड समोर आलं की तोंडातून व्हेरी टेस्टी व्हेरी टेस्टी एवढंच निघतं. एक दिवस रामदासपेठेतल्या मोठ्या हॉटेलात आणि एक दिवस त्यांना सावजीच, आपलं नागपुरी झणझणीत जेवण, खायचंय म्हणे, कुठं वाचून आले देव जाणे. त्यात एकाला नट्सची अ‍ॅलर्जी अन् मॅडम व्हेगन. युट्यूबवर पाहिलं तर तिथं अजून अ‍ॅपल बनाना कॅरटच शिकवून राहिले. नेमकं काय पाठ करू?

तर्रीबाज:
व्हेगन मॅडमले सावजीत?? बाप्पा बाप्पा. इंग्रजी राहू द्या, आधी पाण्याचे दोन जग सांगून ठेवजा 😂

नंदनवन_ते_ह्यूस्टन:
ताई, मेनूवरची फ्रेंच-इटालियन नावं अजिबात पाठ करू नका. ती वेटरला विचारायचीच असतात, व्हॉट इज धिस लाइक म्हटलं की तो सांगतो, गोरे लोक पण विचारतात, त्यात काही लाज नाही. तुम्हाला लागणार ते पदार्थात काय आहे आणि कसं शिजवलंय हे सांगायचे शब्द. डीप फ्राइड म्हणजे तळलेलं, स्टीम्ड वाफवलेलं, रोस्टेड भाजलेलं, स्टर फ्राइड म्हणजे मोठ्या आचेवर परतलेलं. तेवढ्यात निम्मा मेनू निघतो.

आता घोळ असा की तुमच्या टेबलावर लंडन आणि अमेरिका दोन्ही. वांग्याला आपण ब्रिंजल म्हणतो, ते इंग्रजांना ऑबर्जीन आणि अमेरिकनांना एगप्लांट. ढोबळी मिरची आपली कॅप्सिकम, त्यांची पेपर किंवा बेल पेपर. सांभार म्हणजे हिरवा सांभार, कोथिंबीर हं, पुण्याकडच्यांनी इडलीसोबतचं समजू नये, तो ब्रिटनमध्ये कोरिअँडर आणि अमेरिकेत सिलँट्रो, अमेरिकेत कोरिअँडर म्हटलं तर धणे समजतात. भेंडी दोघांकडे ओक्रा, लेडीज फिंगर म्हणाल तर हसतील बिचारे. चिप्स म्हटलं तर लंडनवाल्यासमोर बटाट्याचे जाड तळलेले गरम तुकडे येतात आणि अमेरिकनला पाकिटातले वेफर्स वाटतात. आणि आंत्रे! अमेरिकेत आंत्रे म्हणजे मेन कोर्स, ऑस्ट्रेलियात तोच शब्द सुरुवातीच्या डिशला. तुम्ही आपलं स्टार्टर आणि मेन कोर्स म्हणा, वाद नको. उरलेलं बांधून घ्यायचं असेल तर पार्सल म्हणू नका, तो शब्द त्यांना कुरिअरचा वाटतो, आमच्याकडे टू गो बॉक्स मागतात, लंडनवाले टेकअवे बॉक्स म्हणतात. बिल दोघांना कळतं, अमेरिकन फक्त चेक म्हणते.

वर्धारोडवाली:
स्क्रीनशॉट काढले 🙏 अ‍ॅलर्जीचं कसं विचारायचं?

सदरचा_कॅप्टन:
हॉटेल लाइनमध्ये आहे म्हणून सांगतो, अ‍ॅलर्जी सर्वात महत्त्वाची, बाकी चुकलं तरी चालतं. आर यू अ‍ॅलर्जिक टू पीनट्स ऑर ट्री नट्स असं स्पष्ट विचारा, कारण शेंगदाणा वेगळा आणि काजू-बदाम-अक्रोड वेगळे, कोणाला एकाचीच असते. ब्रिटनमध्ये 14 अ‍ॅलर्जन, म्हणजे अ‍ॅलर्जी आणणारे पदार्थ, सांगणं कायद्याने बंधनकारक आहे, अमेरिकेत 9 आहेत, त्यात तीळ 2023 पासून आला. म्हणून हे लोक विचारताना लाजत नाहीत आणि आपण बिनधास्त नथिंग हॅपन्स म्हणून चालत नाही. मग किचनला मराठीतच विचारा, शेंगदाण्याचा कूट आहे का, तेल कोणतं, काजूची पेस्ट ग्रेव्हीत आहे का. हॉटेलच्या पांढऱ्या ग्रेव्हीत काजू असतोच असं समजून चाला. त्या पाहुण्याला सांगायचं वाक्य, देअर आर कॅश्यूज इन द सॉस. शेफ पुसट हो-नाही करत असेल तर ती डिश मागवूच नका.

आणि स्पायसीचं लक्षात घ्या. हॉट म्हटलं तर गरम की तिखट कळत नाही, म्हणून व्हेरी स्पायसी म्हणा, आणि सावजीला तर एक्स्ट्रीमली. मसाल्यात खसखस म्हणजे पॉपी सीड्स, सुकं खोबरं म्हणजे ड्राइड कोकोनट, दगडफूल विचारलं तर अ काइंड ऑफ लायकन. सावजी हे हलबा कोष्टी समाजाचं, म्हणजे विणकरांचं जेवण आहे एवढं सांगितलं तरी पाहुणे खुश होतात.

डाएटवाली_धरमपेठ:
मॅडमसाठी मी लिहिते. व्हेगन म्हणजे दूध-दही-तूप-मध काहीच नाही, नो डेअरी नो घी म्हणून हॉटेलला आधी फोन करा. व्हेजिटेरियन म्हणजे तिकडे अंडं चालतं, आपल्याकडे पाकिटावर हिरवा ठिपका असला की अंडं नाही, हा फरक लंडनवाल्याला पण सांगा म्हणजे तो नाश्त्याला बुचकळ्यात पडणार नाही. सावजीत डाळ कांदा, पाटोडीचा रस्सा बेसनाचा, तेलातला असतो, पण फोडणीत तूप नाही ना एवढं विचारून घ्या. ज्वारीची भाकर मागवा, सॉर्गम फ्लॅटब्रेड, ग्लूटेन फ्री म्हणून डोळे चमकतात त्यांचे.

हेल्दीचे शब्द फार काही नकोत, ग्रिल्ड, लाइट, लेस ऑइल, ड्रेसिंग ऑन द साइड एवढं पुरे. आणि बाजारात मल्टिग्रेन लिहिलं की लोकं पौष्टिक समजतात, त्यात पहिलं नाव मैद्याचं असू शकतं, घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात म्हणून पहिले तीन वाचायचे. शुगर फ्री म्हणजे 100 ग्रॅममध्ये जास्तीत जास्त अर्धा ग्रॅम साखर. नो अ‍ॅडेड शुगर ही गोष्ट निराळी, त्यात पदार्थाची मूळची साखर भरपूर असू शकते. हे पाहुण्यांना नका सांगू, आपल्यासाठी सांगितलं 😀

तर्रीबाज:
अन् ताई, संत्रा बर्फी द्यायची असेल तर मॅडमले नका देऊ, खवा असतो. तिले ताजी संत्री द्या. लंडनवाले हातात घेऊन मँडरिन म्हणतील, शास्त्रानं बरोबरच आहे ते, चिडू नका, आपण नागपूर ऑरेंज म्हणायचं, जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय त्याले.

नंदनवन_ते_ह्यूस्टन:
एक राहिलं, सर्वात कामाचं. आपल्याकडे घ्या ना अजून, एवढंसंच घेतलं म्हणून तीनदा आग्रह करतो. तुमची अमेरिकन मॅडम आय अ‍ॅम गुड थँक्स म्हणाली की ते नको आहे, मी बरी आहे असं सांगणं नाही. एकदा वुड यू लाइक सम मोअर, मग सोडून द्या. अन् पैसे तुम्ही देणार असाल तर आधीच सांगा, धिस वन्स ऑन अस. नाहीतर शेवटी तिघंही पाकीट काढून बसतात.

वर्धारोडवाली:
तीनदा आग्रह माझ्या आईचा कमीत कमी आकडा आहे 😄 बरं, पाटोडीचा रस्सा कोणत्या सावजीत कमी तिखट करून मिळेल, कोणाला माहीत आहे का?

सदरचा_कॅप्टन:
कमी तिखट सावजी कुठंच नाही. ताक मागवा, मॅडमसाठी काकडी.