कूलंट नक्की कुठे मुरतंय? (माझ्दा एमएक्स-५, १९९३, १.६)

बर्मिंगहॅमकर
गाडी मॅन्युअल, हेड (इंजिनचा वरचा भाग) कधीच उघडलेलं नाही. पंधरा दिवसांत साधारण अर्धा लिटर कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) घालावं लागतं. रात्रभर उभी राहिली तरी खाली डाग नाही. लांबून आल्यावर बॉनेट उघडलं की गोडसर वास येतो. तापमानाचा काटा मधोमध, ऑइल स्वच्छ. गॅरेजवाला म्हणतो वॉटर पंप बदला, म्हणजे टायमिंग बेल्टपर्यंत सगळं खोलणं आलं. तोवर लीक-स्टॉपची (गळती बुजवणाऱ्या द्रवाची) बाटली ओतली तर चालेल का?

पाना_नंबर_१२
लीक-स्टॉप अजिबात नको. गळकी फट बुजेल न बुजेल, हीटरच्या बारीक नळ्या मात्र नक्की तुंबतील. पंपाचं नंतर बघू.

आधी रेडिएटरच्या वरच्या प्लास्टिक टाकीचा रंग बघा. ती मुळात काळी असते. तपकिरी-हिरवट झाली असेल तर प्लास्टिक ठिसूळ झालंय. आज गळत नसली तरी ती बदलायचीच. तडा बहुतेक वेळा वरचा होज (रबरी पाइप) जिथे बसतो त्या नळीपाशी किंवा प्लास्टिक अ‍ॅल्युमिनियमला दुमडून बसवलंय त्या शिवणीत जातो. गरम होऊन दाब चढला की तडा उघडतो, गार झाला की मिटतो. जे बाहेर येतं ते गरम धातूवर वाळून जातं, म्हणून जमिनीवर थेंब नाही आणि वास मात्र आहे.

खात्री करायला प्रेशर टेस्टर लावा. इंजिन पूर्ण गार, रेडिएटर काठोकाठ भरलेला, आणि टेस्टरच्या हातपंपाने ०.९ बार दाब, म्हणजे साधारण १३ पीएसआय. त्यापुढे जाऊ नका, जुनी टाकी हातात फुटेल. दहा मिनिटं टेस्टरचा काटा हलता कामा नये. हलला तर टॉर्च घेऊन शोधा. झाकणही त्याच टेस्टरवर तपासा. जादा कूलंटची बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा असं दिसत असेल, तर झाकण गार होताना कूलंट परत ओढत नाहीये, किंवा बाटलीची बारीक नळी हवा घेतेय.

घाटरस्ता
वरचं पटलं, पण मागची बाजू विसरू नका. हेडच्या मागच्या टोकाला, कॉइलपॅकच्या (ठिणगीच्या कॉइलच्या) खाली, पाण्याचा जोड आहे. तिथलं कूलंट गिअरबॉक्सच्या बेलहाउसिंगवर (इंजिनला जोडलेल्या कवचावर) ओघळतं आणि वाळतं. त्याच भागात कॅम सेन्सरच्या ओ-रिंगमधून (रबरी कड्यातून) ऑइलही झिरपतं, त्यामुळे बोट लावून बघा: बुळबुळीत काळं ते ऑइल, चिकट आणि पांढरट-हिरवी खपली ते कूलंट.

हीटरचे दोन होज फायरवॉलपाशी (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यापाशी) चिकटून बसलेले असतात. ते पिळून ओढू नका, हीटरची नळी पातळ असते, मुळातून फाटते, आणि मग डॅशबोर्ड काढायची वेळ येते. ब्लेडने होज उभा चिरा आणि सोलून काढा. नवा होज चार पैशांचा आहे.

पंप गेला असेल तर तो त्याच्या बारीक भोकातून ठिबकतो, आणि ओल इंजिनच्या पुढे, बेल्टच्या कव्हरखाली दिसते. तिथे कोरडं असेल तर पंप सोडून द्या. ओलं असेल तर बेल्ट, टेन्शनर, सील सगळं एकदमच उरका, मजुरी तीच.

बर्मिंगहॅमकर
टेस्टर लावला. चार मिनिटांत ०.९ वरून ०.६. वरच्या होजच्या नळीखाली केसाएवढा तडा, टाकी शेवाळी रंगाची. पुढचं कव्हर आणि मागचा जोड दोन्ही कोरडे. रेडिएटर मागवतोय. भरताना काय सांभाळायचं?

पाना_नंबर_१२
ऑटोमॅटिकचा रेडिएटर आला तरी चालतो, ऑइलच्या दोन नळ्या बंद करून ठेवा. दोन्ही मोठे होज, झाकण आणि थर्मोस्टॅट (गरम झाल्यावर कूलंटला वाट देणारी झडप) सोबतच बदला. थर्मोस्टॅटची छोटी हलती पिन वरच्या बाजूला यायला हवी, नाहीतर हवा अडकते.

एकूण कूलंट सुमारे ६ लिटर. बहुतेक जण इथेच चुकतात: साध्या पाण्याने धुतल्यावर ब्लॉक आणि हीटरमध्ये बरंच पाणी उरतं, वरून तयार ५०:५० (निम्मं अँटिफ्रीझ, निम्मं पाणी) ओतलं की मिश्रण पातळ होतं. म्हणून आधी ३ लिटर शुद्ध अँटिफ्रीझ ओता, उरलेली जागा डिआयोनाइज्ड पाण्याने भरा. ५०:५० ला उणे ३५ अंशांच्या आसपास संरक्षण मिळतं.

घाटरस्ता
गाडीचं नाक उंच करा, हीटर पूर्ण गरमवर, झाकण उघडं, इंजिन सावकाश तापू द्या. वरचा होज हाताने दाबत राहा, बुडबुडे थांबले की झाकण लावा. पंखा चालतो का हे तपासायला डायग्नोस्टिक बॉक्समध्ये (तपासणीच्या जोडणीत) टीएफए आणि जीएनडी लिहिलेली टोकं वायरने जोडा, इग्निशन ऑन करा. पंखा लगेच फिरायला हवा. दुसऱ्या सकाळी इंजिन गार असताना पातळी पुन्हा बघा, ती थोडी खाली जातेच.

काढलेलं कूलंट उघड्या तसराळ्यात ठेवू नका. गोड लागतं म्हणून कुत्री-मांजरं पितात, आणि ते विष आहे. बंद कॅनमध्ये भरून कौन्सिलच्या कचरा केंद्रावर द्या.