पुऱ्याचा गोबरगॅस

बरेच जण म्हणतात की ऊर्जेवरचं संशोधन हे इंजिनिअर लोकांचं काम, बाकीच्यांनी त्यात पडू नये. तसं नाहीये हो. बंगलोरच्या आयआयएससी या विज्ञानसंस्थेतले अमूल्य रेड्डी मूळचे इलेक्ट्रोकेमिस्ट, म्हणजे रसायनशास्त्रवाले, त्यांनी १९७४ साली खेड्यांसाठी तंत्रज्ञान शोधणारा 'अस्त्र' हा ग्रुप काढला आणि ही मंडळी कर्नाटकातल्या खेड्यांत जाऊन सरपण किती लागतं, ते गोळा करण्यात बायकापोरांचे किती तास जातात हे मोजत बसली, म्हणजे अर्धं समाजशास्त्रच की! मग तिथल्याच 'पुरा' नावाच्या गावात स्वयंपाकासाठी सामुदायिक गोबरगॅस प्लांट उभारला तर तो चालेना, कारण सगळ्या गावाच्या चुली पेटतील एवढं शेणच नव्हतं आणि लोकांना खरं तर पाणी हवं होतं. इंधनातून किती उष्णता मिळते ती कॅलोरिफिक व्हॅल्यू काढून हे कुठून कळणार? शेवटी १९८७ पासून तोच गॅस डिझेल इंजिनात वापरून वीज केली, त्यावर बोअरचा पंप आणि घराघरात ट्यूबलाइट. शेण आणून देणाऱ्याला गॅस काढून उरलेली स्लरी खत म्हणून परत, वर किलोमागे थोडे पैसे पण, ते बहुतेक बायकांच्या हातात जायचे. हा हिशोब बसवायला अर्थशास्त्रवालाच लागतो, आणि आपल्याकडे अजून पीएचडीच्या इंटरव्ह्यूत विचारतात, "हा विषय नक्की कुठल्या डिपार्टमेंटचा?"