दगड न उचलताही माणूस दंगलखोर ठरतो काय?

महालातला मामा यांचा प्रश्न

माझ्या भाच्यावर २०२२ पासून दंगलीचा खटला चालू आहे. त्या वर्षी आपल्या नागपुरात एका राजकीय मोर्चाच्या शेवटी दगडफेक झाली, एका बसच्या आणि दोन मोटारींच्या काचा फुटल्या, एक शिपाई जखमी झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पोलीस आमच्या दारात आले. फिर्यादीत चौदा जणांची नावे आहेत, भाचा अकराव्या क्रमांकावर आहे, आणि चौदाव्या नावापुढे ‘व इतर दोनशे ते अडीचशे अनोळखी इसम’ असे लिहिलेले आहे. पोलिसांच्या चित्रीकरणात तो स्पष्ट दिसतो. डाव्या काखेत शिकवणीवर्गाची प्लास्टिकची फाईल आहे आणि उजव्या हातात मोबाईल, तोही उंच धरलेला. हातात दगड किंवा काठी नाही, तोंडावर रुमालही नाही.

तो कोणत्याही पक्षाचा सदस्य नाही. तू तिथे गेलास कशाला, असे मी त्या वेळी रागाने विचारले, तेव्हा तो एवढेच म्हणाला, ‘सारेच चालले होते मामा, तं मी बी गेलो.’ या उत्तराचे काय करावे हे मला आजवर कळलेले नाही. आता पोलीस भरतीच्या निवड यादीत त्याचे नाव आले असून चारित्र्य पडताळणीचा अर्ज घरी येऊन पडला आहे.

जाणकारांना विचारायचे ते हे की, नुसते उभे राहून चित्रीकरण करणे हा दंगा ठरतो काय; सहज गर्दीत शिरलेल्याला आणि ठरवून आलेल्याला कायदा एकाच मापाने मोजतो काय; आणि आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर ‘उद्या ताकद दाखवायची’ असा निरोप ज्याने फिरवला, गाड्यांची सोय केली, त्याचे नाव त्या चौदांत का नाही. कृपया पक्षांची उणीदुणी येथे काढू नयेत.

सिव्हिल लाइन्सचा वकील यांचे उत्तर

घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असल्यामुळे भाच्याला भारतीय न्याय संहिता नव्हे, तर जुनी भारतीय दंड संहिताच लागू राहील. नव्या संहितेत प्राणघातक हत्यारासह केलेल्या दंग्याची कमाल शिक्षा तीन वर्षांवरून पाच वर्षांवर गेली आहे, तिचा त्याच्याशी संबंध नाही.

पाच किंवा अधिक माणसे कायद्याने निषिद्ध मानलेल्या उद्दिष्टासाठी एकत्र आली की ती ‘गैरकायद्याची मंडळी’ होते, आणि त्यांच्यापैकी एकानेही त्या समान उद्दिष्टासाठी बळाचा वापर केला की मंडळीतला प्रत्येक सभासद दंग्याचा अपराधी ठरतो. कलम १४७ नुसार शिक्षा दोन वर्षांपर्यंत आहे. त्याहून जड कलम १४९. दगड एकाने मारला आणि शिपायाचे डोके फुटले, तर समान उद्दिष्टासाठी केलेले ते कृत्य मंडळीतल्या सर्वांच्या नावावर चढते. म्हणून ‘मी दगड मारला नाही’ हा बचाव वाटतो तितका भक्कम नाही, आणि आरोपींचे नातेवाईक नेमके त्यालाच चिकटून बसतात.

खरी मेख कलम १४२ मध्ये आहे. मंडळी गैरकायद्याची झाली आहे हे ठाऊक असून जो हेतुपुरस्सर तिच्यात सामील होतो किंवा तिच्यात राहतो, तो सभासद. ‘राहतो’ या शब्दाकडे लक्ष द्यावे. मोर्चा सुरुवातीला पूर्ण कायदेशीर असू शकतो आणि वाटेत बिघडू शकतो. पहिली काच फुटल्यापासून पुढे भाचा किती वेळ आणि कुठे उभा होता, यावर बरेच अवलंबून आहे. पोलिसांनी पांगण्याचा आदेश दिला असेल आणि तरीही तो थांबला असेल, तर कलम १४५ वेगळे लागते. मात्र केवळ कुतूहलापोटी थांबलेला बघ्या हा सभासद नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६४ च्या मसलती खटल्यात मान्य केले आहे. मोठ्या जमावाच्या प्रकरणात दोन-तीन किंवा अधिक साक्षीदारांनी त्याच आरोपीबद्दल सुसंगत सांगितल्याशिवाय दोषी धरू नये, ही सावधगिरीही त्याच निकालातली. त्याच्या मोबाईलमधली चित्रफीत बचावासाठी वापरायची असेल, तर मूळ मोबाईल न्यायालयापुढे आणावा लागेल, नाहीतर प्रतीसोबत भारतीय पुरावा कायद्यातल्या कलम ६५ ब चे प्रमाणपत्र जोडावे लागेल. जालन्याच्या निवडणूक वादात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने हा घोळ कायमचा मिटवला आहे.

निरोप फिरवणाऱ्याबद्दल. दंगल व्हावी म्हणून चिथावणी देणाऱ्याला कलम १५३ खाली, दंगल प्रत्यक्ष झाली तर, जास्तीत जास्त एक वर्ष. चिथावणीला बळी पडलेल्याला दोन. ही विसंगती १८६० पासून तशीच आहे. अर्थात चिथावणीदाराला केवळ तेच कलम लावावे असे नाही, अपप्रेरणा (म्हणजे गुन्ह्याला प्रवृत्त करणे) आणि कट यांची कलमे लावली तर त्याला मूळ गुन्ह्याइतकीच शिक्षा होऊ शकते. माणसे भाड्याने आणणाऱ्यासाठी कलम १५० आहे. जागेच्या किंवा हक्काच्या वादात ज्याच्या लाभासाठी दंगा झाला त्याला जबाबदार धरणारे कलम १५५ सुद्धा आहे, जे माझ्या इतक्या वर्षांच्या वकिलीत एकाही दोषारोपपत्रात मी पाहिलेले नाही.

पडताळणीच्या अर्जात खटला लपवू नका. अवतार सिंग प्रकरणात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की माहिती खरीच दिली पाहिजे. खरी दिल्यावरही नियुक्ती द्यायची की नाही हे ठरवण्याचा अधिकार नियोक्त्याकडे राहतो, पण लपवलेली माहिती उघड झाली तर ती लपवाछपवीच नोकरीवर उठते.

निवृत्त फौजदार यांचे उत्तर

वकीलसाहेबांनी कायदा सांगितला, मी रस्त्यावरचे सांगतो. हिवाळी अधिवेशनात यशवंत स्टेडियमपासून निघणाऱ्या मोर्चांच्या बंदोबस्तात मी बरीच वर्षे उभा राहिलो आहे. पहिल्या रांगेतील मंडळी निवेदन घेऊन शिष्टमंडळासह आत जातात, आणि ती परत येईपर्यंतचा तास-दीड तास हा सर्वांत नाजूक असतो. तालुक्यांतून पहाटे गाडीत बसलेले लोक तोवर उन्हाने आणि भुकेने त्रासलेले असतात. त्यांतल्या अनेकांची मागणी अगदी खरी असते, कोणाचे मानधन थकलेले, कोणाचा पट्टा अडलेला. ही माणसे सहसा दगड मारत नाहीत, ती बसून राहतात. दगड बहुधा मागच्या रांगांतून येतो, कारण मारणाऱ्याला समोर आडोसा हवा असतो, आणि मारणारा पोरगा भाषणातले एक वाक्यही धड सांगू शकत नाही. त्याला मागणीशी देणेघेणे नसते, शेजारच्या मित्राने ते पाहावे एवढेच असते. हल्ली त्या मित्राच्या हातात मोबाईल असतो, हे आपल्या भाच्याने ध्यानात घ्यावे.

आता चौदा नावे कशी येतात ते. रात्री ठाण्यात चित्रीकरण लावून बीटवरच्या शिपायांना बसवतात आणि चेहरे ओळखायला सांगतात. शिपाई कोणाला ओळखणार? जो त्याच वस्तीत राहतो, रोज पानठेल्यावर दिसतो, त्याला. बाहेरून गाडीत आलेला ‘अनोळखी इसम’ राहतो आणि शेजारचा नावानिशी फिर्यादीत येतो. मी स्वतः अशा याद्या केल्या आहेत, त्यामुळे हे सांगताना मला बरे वाटत नाही.

फुटलेल्या शटरवाला यांचे उत्तर

वरील सर्व वाचून दंगलीत माझेच काही चुकले की काय, असे वाटू लागले. माझे दुकान महाल भागात आहे आणि आतापर्यंत दोनदा फुटले आहे. वर फौजदारांनी ज्याला आडोसा म्हटले तो आडोसा म्हणजे हे बघेच. ते दोनशे जण घरी गेले असते, तर दगड मारणारे पाच उघडे पडले असते. तेव्हा ‘सहज गेलो होतो’ या उत्तराबद्दल मला सहानुभूती वाटावी अशी अपेक्षा करू नये.

तरीही एक गोष्ट स्पष्ट करतो. १७ मार्च २०२५ च्या दंगलीनंतर २४ मार्चला महापालिकेने एका आरोपीच्या घरावर बुलडोझर चालवला, आणि त्याच दिवशी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्या कारवाईला स्थगिती दिली. पंधरा दिवसांची नोटीस दिल्याशिवाय पाडकाम करू नये असा सर्वोच्च न्यायालयाचा १३ नोव्हेंबर २०२४ चा आदेश होता. मला कोणाचे घर पडलेले नको आहे, मला माझ्या शटरचे पैसे हवे आहेत. नुकसान करणाऱ्यांबरोबरच आयोजकांकडूनही भरपाई वसूल व्हावी, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ सालीच सांगितले आहे. माझ्याकडे दोन पंचनाम्यांच्या प्रती आहेत आणि रुपया एकही आलेला नाही.

संत्रानगरीहून परदेशी यांचे उत्तर

मी अमेरिकेत राहतो, म्हणून तेथील उदाहरण देतो. ६ जानेवारी २०२१ रोजी वॉशिंग्टनमधील संसद भवनात जमाव घुसला, त्यात पुढे १,५०० हून अधिक लोकांवर खटले भरले गेले. अध्यक्षांनीच बोलावले म्हणून आम्ही गेलो, असे अनेकांनी न्यायालयात सांगितले. त्याने गुन्हा पुसला गेला नाही. मात्र सूत्रधार सुटतोच असे नाही, हेही तेथे दिसले. ‘प्राउड बॉइज’ या संघटनेचा म्होरक्या एनरिके टारिओ त्या दिवशी वॉशिंग्टनमध्ये नव्हता, तरीही राजद्रोही कटाबद्दल सर्वांत मोठी, २२ वर्षांची शिक्षा त्यालाच झाली. आणि मग २० जानेवारी २०२५ रोजी डोनाल्ड ट्रम्प पुन्हा अध्यक्ष झाले आणि पहिल्याच दिवशी त्यांनी जवळजवळ सर्वांना माफी दिली, टारिओसह.

आपल्याकडे माफीऐवजी खटले मागे घेण्याची पद्धत आहे. काटोलचे अनिल देशमुख गृहमंत्री असताना, २०२० साली, कोरेगाव भीमानंतरच्या ६४९ पैकी ३४८ गुन्हे मागे घेतल्याचे त्यांनी सांगितले होते. राजकीय आंदोलनांतील खटल्यांबाबत राज्य सरकारने २०२२ साली पुन्हा तसा निर्णय घेतला. जीवितहानी झालेली नसावी आणि नुकसान पाच लाखांच्या आत असावे, अशा अटी होत्या. मामांनी वकिलांना हे जरूर विचारावे. सरकारने ठरवले तरी सरकारी वकिलाचा अर्ज आणि न्यायालयाची संमती लागतेच. शटरवाल्या काकांना मात्र या दोन्ही देशांत काही मिळत नाही, हे खरे.

महालातला मामा

सर्वांचे आभार. वकीलसाहेबांच्या सांगण्यावरून काल रात्री मी आणि भाच्याने त्याच्या मोबाईलमधली चित्रफीत पहिल्यांदाच एकत्र बसून पाहिली. ती तीन मिनिटांची आहे. पहिली काच फुटल्याचा आवाज एक मिनिट पन्नास सेकंदांवर येतो. तोवर मी निर्धास्त होतो. आवाज होताच चित्र हलते, कोणीतरी ‘पळा’ म्हणते, आणि नंतर चित्र मागे जाण्याऐवजी चार पावले पुढे जाते, बसच्या दिशेने, आणि तिथेच स्थिर होते. संपेपर्यंत.

पुढे का गेलास, असे मी विचारले नाही. त्याने स्वतःच चित्रफीत दोनदा मागे नेऊन तेवढा भाग पाहिला आणि मोबाईल उलटा करून ठेवला. शटरवाल्यांच्या म्हणण्यावर मला उत्तर सुचलेले नाही. चित्रफीत न्यायालयात द्यावी की नाही हे वकिलांना विचारायचे आहे, त्यांनी शनिवारी बोलावले आहे. पडताळणीच्या अर्जातल्या ‘आपणाविरुद्ध फौजदारी खटला प्रलंबित आहे काय’ या रकान्यात त्याने आज सकाळी ‘होय’ लिहिले, आणि तपशिलाला जागा पुरेना म्हणून मागे एक कोरा कागद जोडला.