मदत हवी आहे: प्लास्मिड (जिवाणूतलं डीएनएचं छोटं गोल वेटोळं) देऊनही देणाऱ्या जिवाणूकडे उरतं, हे मुलांना कसं दाखवू?

नागपुरात बारावीला जीवशास्त्र शिकवतो. जिवाणू एकमेकांना प्रतिजैविक-प्रतिरोधाची जनुकं कशी देतात, त्याचं प्रात्यक्षिक बसवतोय. ट्रान्सफॉर्मेशन (बाहेर पडलेला डीएनए जिवाणूने उचलणं) आणि ट्रान्सडक्शन (विषाणूमार्फत डीएनए जाणं) जमलं. मेलेल्या जिवाणूचा डीएनए म्हणजे जमिनीवर सांडलेले मणी, विषाणू म्हणजे चुकीचं पाकीट नेणारा पोस्टमन. ट्रान्सफॉर्मेशन पहिल्यांदा दाखवणारा ग्रिफिथचा १९२८चा प्रयोगही मुलांना आवडला.

अडलंय कॉन्जुगेशनवर, म्हणजे एक जिवाणू दुसऱ्याला जोडून थेट प्लास्मिड देतो त्यावर. बर्डीवरून मणी आणून दोऱ्याची गोल माळ केली, एका मुलाने ती दुसऱ्याला दिली. लगेच मागच्या बाकावरून प्रश्न, "सर, मग पहिल्याकडचा प्रतिरोध गेला ना?" बरोबर विचारलं पोरीने! प्रत्यक्षात प्लास्मिडच्या दोन धाग्यांपैकी एकच पलीकडे जातो आणि दोन्ही पेशी आपापला जोडधागा बनवतात, म्हणून शेवटी दोघीही प्रतिरोधक. माझ्या माळेत नेमकं हेच दिसत नाही.

दोन रंगांच्या लोकरीचा पीळ करून पाहिला, गुंता झाला. कपड्याची चेन उघडून एक बाजू दिली, पण ती गोल राहत नाही आणि जोडधागा बनवायचा कसा, ते सुचेना. फळ्यावर चित्र काढलं तर मुलं फक्त उतरवून घेतात.

अडचणी सांगून ठेवतो: तास ४० मिनिटांचा, मुलं ५२, प्रोजेक्टर नाही, त्यामुळे व्हिडिओ सुचवू नका. जिवंत जिवाणू वर्गात आणणार नाही. खर्च ३००च्या आत.

एक धागा सुटून जाणं आणि दोन्हीकडे नवा धागा तयार होणं, ही दोन्ही पावलं मुलांच्या हातून करून घेता येतील असं गोल मॉडेल कोणी बनवलंय का? कशाचं?